वरच्या मजल्यावरचं लंडन

जळकोट,
९ मार्च १९८६

सौ. शिवगंगाअक्काला धाकट्या मावसबहिणीचा, दानम्माचा, शरणार्थ.

दिवाळीला दोन ओळी न लिहिणारी दानू आज एवढं लांब पत्र कशी लिहून राहिली, असं तुला वाटेल. कामासाठीच लिहिते आहे, ते आधीच सांगते.

अक्का, मला लंडनला जायचं आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिथं नारूच्या रोगावर परिषद आहे. मागच्या वर्षी दिल्लीचे लोक आमच्या दवाखान्याच्या गावांत आले होते. बोअर आटल्यावर लोक पुन्हा पायऱ्यांच्या बारवेत उतरायला लागले, आणि दोन वर्षं दाबून धरलेला नारू पुन्हा पायांतून निघायला लागला, ते मी त्यांना फिरून दाखवलं. पाणी फडक्यातून गाळायला बायांना कसं लावलं, तेही दाखवलं. तेच तिथं पंधरा मिनिटं बोलायचं. खर्च सगळा त्यांचा.

इथं कुणाचा विश्वास नाही. आमचे हे दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगतात, नर्सबाईला फुकट विमानात कोण बसवतं, यात काहीतरी आहे. सासूबाईंना वाटतं मी परत यायची नाही. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, तरी माझे निम्मे कागद उस्मानाबादला आणि निम्मे लातूरला आहेत. पासपोर्टाच्या चौकशीला पोलीस आला, तो आधी दुकानात गेला आणि बाईवर काही गुन्हा आहे का म्हणून विचारलं. तेव्हापासून गल्ली माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघून राहिली.

मुंबईहून मी एकटीच जाणार. बाकीचे दिल्लीहून येतील. म्हणून तुला विचारते. विमानतळावरून शहरात बसनं यायचं का रेल्वेनं? तिकीट कुठं काढायचं? आपल्याला खाता येईल असं काय मिळतं? साडीवर काय घालायचं? वाट चुकली तर कुणाला विचारायचं? आपल्या साऱ्या गोतात दाजींच्या कामामुळं तिथं दोन वर्षं राहून आलेली तूच एक. दाजींना सवड नसेल, तू लिही. सिंधूला आशीर्वाद.

तुझी दानू


विष्णुपुरी,
२१ मार्च १९८६

चि. दानूस,

तुझं पत्र साहेबांनी वाचून दाखवलं. मग मी बी वाचलं. लई बरं वाटलं.

जूनमधी तिथं रात्री दहापर्यंत उजेड असतो. झोप लागत न्हाई. जाड कापड ने, खिडकीला लाव. तिथली खिडकी आपल्यासारखी उघडत न्हाई, वर ढकलायची असते. ओल धरून फुगली की बसून जाते. मग खालून तळव्यानं ठोकायचं, पण कडेला. मधी ठोकलं तर काच हलते.

खोलीत भिंतीवर एक पेटी असते. तिच्यात नाणं टाकलं की दिवा लागतो, शेगडी चालते. नाणं सरलं की सगळं बंद. म्हणून नाणी साठवून ठेव. कुणी दिली तर न्हाई म्हणू नको.

दूध पहाटं बाटलीतून दारात येतं. पक्षी झाकणाला चोच मारून वरची साय खाऊन जातात. समोरच्या घरची बाई रोज पायरी घासते. दुपारी शाळा सुटली की पोरं घोळक्यानं जातात, पोरींचे कोट लई रंगाचे असतात. त्या वेळेला आपण दुसरं काही काम काढावं, खिडकीत बसू नये. लाल बस दोन मजल्यांची असते. वरच्या मजल्यावरची माणसं आपल्या खिडकीच्या उंचीला येतात. हात केला तर एखादं माणूस करतं परत.

बसचं तिकीट चार शिलिंग. रेल्वेचं बी तेवढंच धर. भाजी मिळते, खायला मिळतं. बाकी तिथले लोक सांगतील.

वाट चुकू नको. चुकलीस तर पोलिसाला विचारू नको. एखाद्या बाईला विचार आणि गुपचूप घरी ये.

सिंधूसाठी तिथलंच एक स्थळ आलंय. मुलगा चांगला शिकलेला हाय म्हणतात. साहेब लिहितील तुला.

पत्र साहेब टाकतील, म्हणून आता पुरं करते.

शिवगंगा


जळकोट,
४ एप्रिल १९८६

शिवगंगाअक्कास शरणार्थ.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. राग मानू नको, पण ते वाचून माझी पंचाईत झाली.

मी विचारलं विमानतळावरून कसं यायचं, तू लिहिलंस खिडकी कुठं ठोकायची. मी विचारलं खायचं काय, तू लिहिलंस पक्षी साय खातात. उदगीरचे डॉ. नरसिंगराव पूर्वी तिकडं शिकून आलेत, त्यांना मी पत्र दाखवलं. ते हसले. म्हणाले, "शिलिंग एकाहत्तर सालीच बंद झालं. तुमच्या बहीणबाई कधी गेल्या होत्या?" मी म्हणाले, चौऱ्याहत्तरला. त्यांनी पत्र घडी घालून परत दिलं. आणि माझ्याकडं असं बघितलं की मला तिथं उभं राहवेना.

मग मला मागचं सगळं आठवायला लागलं. त्या दोन वर्षांत तुझं एक पत्र कुणाला आलं नाही. तुमच्या बैठकीत दाजींचे पुलावरचे, राजवाड्यापुढचे फोटो आहेत. तू एकातही नाहीस. उदगीरच्या लग्नात मल्लम्मामावशी म्हणाली होती, शिवगंगा कुठली लंडनला जाते, ती पुण्याला नणंदेकडं होती. मी तेव्हा तिच्याशी भांडले होते.

आता तूच सांग. तुमच्या घराजवळचं स्टेशन कुठलं? भाजी कुठल्या दुकानातून आणायचीस? कुणाशी ओळख होती? नसशील गेली तर तसं लिही, मी कुणाला सांगणार नाही. पण माझं एकटीचं जाणं आहे, खोट्या माहितीवर मी कुठंतरी अडकून बसेन. आणि पोलिसाला का विचारायचं नाही? असं कुणी सांगतं का?

दानम्मा


विष्णुपुरी,
१२ एप्रिल १९८६

सौ. दानम्मा यांस भीमाशंकरचे सप्रेम शरणार्थ.

आपले दि. ४ चे पत्र मिळाले. सौ.ची प्रकृती बरी नाही, म्हणून उत्तर मी देत आहे. आपल्या घरातली एक मुलगी परदेशी परिषदेला जाते, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

आपली शंका प्रथम दूर करतो. सौ. माझ्याबरोबर लंडनला होत्या. टूटिंग नावाच्या भागात एल्मवूड रोडवर चौदा नंबरच्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो. मालकीणबाई खाली राहत. मात्र तिथली हवा सौ.ना मानवली नाही. पहिल्याच आठवड्यात त्या बाजाराला म्हणून गेल्या, वाट चुकल्या, आणि संध्याकाळी पोलिसांनी आणून सोडल्या. तेव्हापासून त्यांचे मन हळवे झाले. मी जमेल तेवढी काळजी घेतली. त्यांच्या सांगण्यात कल्पना आणि खरे यांची सरमिसळ होते, हे आपण दवाखान्यातल्या असल्याने समजून घ्याल. त्यांच्या माहितीवर विसंबू नये.

मी एक्याऐंशी साली पुन्हा पंधरा दिवस जाऊन आलो, त्यामुळे खालील माहिती खात्रीची समजावी. विमानतळाच्या खालूनच भुयारी रेल्वे सुटते. नकाशावर ती गडद निळ्या रंगाने दाखवलेली असते. तिने थेट शहरात यावे, टॅक्सीच्या फंदात पडू नये. तिकीट खिडकीवर मिळते. ते जपून ठेवावे, बाहेर पडताना परत घेतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे, डावी बाजू घाईच्या लोकांना सोडावी. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. आपल्याला चालेल असे म्हणजे पाव, लोणी, उकडलेले बटाटे, डब्यातल्या शेंगा, फळे. सूप घेताना ते मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना, हे विचारावे. चटणी आणि भाजणी सोबत न्यावी. साडीवर लांब स्वेटर आणि वर पावसाचा कोट असावा, साडी दोन बोटे वर नेसावी. परिषदेच्या जागी पहिल्या दिवशी छातीवर लावायला नावाची पट्टी देतात, ती रोज लावावी. पासपोर्ट खोलीत ठेवू नये.

एक काम सांगतो. माझे स्नेही महादेवप्पा यांचा मुलगा मन्मथ तिथे बांधकामाच्या कंपनीत इंजिनिअर आहे. चि. सिंधूसाठी आम्ही त्याचा विचार करीत आहोत. आपण त्याच्या घरी जाऊन यावे. राहणी, शेजार, घराची जागा बघावी आणि मला कळवावे. तो आपल्याला घ्यायलाही येईल.

काही लागल्यास थेट मलाच लिहावे.

आपला,
भीमाशंकर


३० एप्रिल

दानू,

ही चिठ्ठी आमच्याकडं भांडी घासायला येते त्या गुरम्माच्या हाती टाकायला देऊन राहिले. साहेब कामावर हायत.

मला काय झालेलं न्हाई. मी धडधाकट हाय. तू लिहिलेलं त्यांनी मला वाचून दाखवलं, आणि त्यांनी काय लिहिलं ते बी दाखवलं. तुला ते खरं वाटलं असंल. वाटू दे. आता त्याच्यावर मी काय बोलणार न्हाई.

तू मन्मथच्या घरी जाशील तवा एक बघ. दाराला कुलूप कसलं हाय. बाहेरून लावल्यावर आतल्या माणसाला ते उघडता येतं का न्हाई. घराच्या चाव्या किती हायत, कुणाकुणाजवळ असतात. हे थेट विचार. पगार विचारू नको, राहणी बघू नको, तेवढं बघ. सिंधूचं सगळं त्याच्यावर हाय.

उत्तर घरी पाठवू नको. गुरम्मा, हातपंपाजवळ, विष्णुपुरी, एवढं लिहिलं की पोचतं. पोस्टमन तिचा गाववाला हाय.

शिवगंगा


लंडन,
१५ जून १९८६

ती. दाजींना शरणार्थ.

मी सुखरूप पोचले. तुमची माहिती अगदी बरोबर निघाली. निळ्या रेल्वेनं आले, तिकीट जपून ठेवलं, जिन्यावर उजवीकडं उभी राहिले. परिषद गुरुवारीच संपली. माझं बोलणं बरं झालं. दिल्लीच्या बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं, लोकांनी प्रश्न विचारले.

मन्मथ भेटले. घर स्वच्छ आहे, शेजार चांगला आहे. सविस्तर आल्यावर सांगते. टूटिंगला तुमचं जुनं घर बघायचं मनात होतं, पण वेळ मिळाला नाही.

अक्काला नमस्कार, सिंधूला आशीर्वाद.

दानम्मा


जळकोट,
२८ जून १९८६

अक्का,

गुरम्माच्या पत्त्यावर लिहून राहिले. वाचून चुलीत घाल.

दाजींना मी खोटं लिहिलं. टूटिंगला मी गेले होते. तुझ्या घरात जाऊन आले. तुझ्या खोलीत उभी राहिले.

आधी मन्मथचं सांगते. तुझी चिठ्ठी वाचून मला दाजींचंच खरं वाटलं होतं. लग्नाचा मुलगा बघायला जायचं आणि कुलूप बघायचं, हे शहाण्या बाईचं बोलणं वाटलं नाही. मला असंही वाटलं की तुला हे लग्नच नको आहे, आणि माझं जाणंही तुला बघवत नाही, म्हणून चुकीची माहिती दिलीस. एवढं मी मनात आणलं होतं, ते तुला कळलेलं बरं.

तरी मी त्याला विचारलं. तो म्हणाला, चाव्या दोन आहेत, एक माझ्याकडं, एक शेजाऱ्याकडं. का विचारता? मला काय सांगावं कळेना. मी म्हणाले, सिंधूच्या आईनं विचारलंय. तर तो म्हणाला, "काकूंनीही विचारलं का? काकांनी मागंच लिहिलंय मला चावीबद्दल." मी विचारलं, काय लिहिलंय. म्हणाला, "सुरुवातीचं एक वर्ष मुलीला एकटीला बाहेर सोडू नका, चावी स्वतःजवळ ठेवा, तिची आई इथं हरवली होती, म्हणून काळजी वाटते, असं." मी विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं. म्हणाला, "हो म्हणालो. मोठी माणसं सांगतात तर हो म्हणालो."

अक्का, तेव्हा तुझं पहिलं पत्र मला सगळं पुन्हा दिसायला लागलं. शिलिंग सोडलं तर त्यात एकही गोष्ट दाराबाहेरची नव्हती.

मी त्याला म्हणाले, मला टूटिंगला घेऊन चला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, त्याला सुटी होती. चौदा नंबरचं दार मिसेस हॉल नावाच्या म्हाताऱ्या बाईनं उघडलं. तुमच्या वेळचीच मालकीण. मला साडीत बघून ती एकदम म्हणाली, "शिवा?" मग जवळून बघितलं आणि म्हणाली, नाही, तू ती नव्हेस. मी तिची बहीण आहे म्हटल्यावर तिनं मला हाताला धरून आत नेलं. ती बोलत होती आणि मन्मथ मला मराठीत सांगत होता.

ती म्हणाली, पोलिसांनी आणून सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो बाहेरून कुलूप लावून जायचा. बायको आजारी आहे, तिला त्रास देऊ नका, असं मला सांगून ठेवलं होतं. मला आधी खरंच वाटलं. दुपारी वरून गाणं ऐकू यायचं, लहान लेकराला झोपवतात तसलं. घरात तर लेकरू नव्हतं. मला वाटलं, खरंच डोक्याचं काही असेल.

मग एका थंडीत वरून जमिनीवर कुणी ठोकतंय म्हणून ती जिना चढून गेली. पेटीतलं नाणं सरलं होतं, शेगडी विझली होती, आणि तुझ्याजवळ नाणं नव्हतं. तू आतून बोललीस ते तिला समजलं नाही. तिनं दाराखालच्या फटीतून एक नाणं सरकवलं. तुझी बोटं तिला दिसली. त्यानंतर थंडी सरेपर्यंत ती रोज सरकवायची. एकदा तू फटीतून कागदात गुंडाळलेली भाकरी दिलीस. तिनं ती खाल्ली म्हणे.

हे सांगताना मन्मथ मधेच थांबला. मी म्हणाले, पुढं सांगा. म्हातारी म्हणत होती, "माझ्याकडं त्या खोलीची दुसरी चावी होती. मी कधी लावली नाही. तो माणूस सभ्य होता, भाडं वेळेवर द्यायचा, माझ्याशी नीट बोलायचा. नवराबायकोत आपण कशाला पडा, असं मला वाटलं." मग तिनं विचारलं, ती माझ्याबद्दल काही बोलते का? मी म्हणाले, बोलते. खोटं सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही.

वरच्या खोलीत आता एक विद्यार्थिनी राहते. तिला विचारून मला आत नेलं. मी खिडकीपाशी उभी राहिले. बस गेली. वरच्या मजल्यावरची माणसं खरंच आपल्या उंचीला येतात. मी हात केला नाही. मला रडू येत होतं.

अक्का, मी दवाखान्यात बायांच्या तोंडाकडं बघून दुखणं ओळखते असा मला गर्व आहे. तुझं मी ओळखलं नाही. उलट परक्या डॉक्टरापुढं तुझं पत्र टाकून त्यांना तुझ्यावर हसू दिलं. माझं चुकलं.

परत येताना मन्मथ मला सोडायला आला. उतरताना म्हणाला, "मी वाईट माणूस नाही, मावशी." मी म्हणाले, तसं मी म्हणत नाही. पण तुम्ही हो म्हणाला होतात. तो म्हणाला, आता नाही म्हणेन. अक्का, तो खरं बोलला का मला तोंडावर बरं वाटावं म्हणून बोलला, मला सांगता येत नाही. पोरगा शांत आहे, कष्टाळू आहे, वडीलधाऱ्यांपुढं मान तुकवतो. दाजीही तेव्हा असेच असतील. एवढंच मला दिसलं, तेवढंच लिहिते. पुढचं तू ठरव.

तू म्हणशील तर मी दाजींशी बोलते. म्हणशील तर गप्प बसते.

तुझी दानू


मुरुड,
२ सप्टेंबर १९८६

दानू,

पत्ता बघून तुला कळलंच असंल. मी वीरण्णाकडं आलेय, माहेरी. हे पत्र मीच पोस्टात टाकणार हाय.

तुझं पत्र मी चुलीत घातलं न्हाई. सिंधूला वाचायला दिलं. दोन वर्षं आई मला सोडून परदेशी मजा करत होती, असं तिच्या मनात लहानपणापासून होतं. आठ वर्षांची होती ती. मी आल्यावर ती माझ्याजवळ यायचीच न्हाई, इथं आजीच्या मागं लपायची. मी बी कधी काही सांगितलं न्हाई. काय सांगायचं? सगळे म्हणायचे, शिवगंगा नशिबाची, नवऱ्यानं साता समुद्रापार नेलं. मी मान हलवायची. शिलिंगाचं बी तसंच. साहेबांच्या कपाटात एक जुनं पुस्तक हाय, त्यातनं काढलं. नुसत्या खिडकीचं लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, अक्का बाहेर पडलीच न्हाई का.

सिंधूनं वाचलं आणि उठून गेली. मला वाटलं माझ्यावर रागावली. रात्री जेवताना तिनं बापाला विचारलं, "आईला कोंडून ठेवायचात का?" साहेब म्हणाले, "कोण म्हणतं?" ती म्हणाली, "तुम्ही सांगा." त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "ती हरवली असती तर मी काय करणार होतो? भाषा येत नव्हती तिला. मी दिवसभर कामावर. तिथले साहेब लोक आधीच मला हसायचे, बायकोला पोलिसांनी आणून सोडल्यावर तर फारच हसले." सिंधू म्हणाली, "एक वर्ष ठेवलं असतं. दोन का?" त्यावर ते हात धुवायला उठले.

दानू, मला वाटत होतं ते न्हाई म्हणतील. मग माझं खोटं आणि त्यांचं खरं, असं होईल. ते न्हाई म्हणाले न्हाईत, आणि त्यानं मला जास्त भ्या वाटलं. त्यांच्या मनात ते चुकीचं नव्हतंच. सिंधूच्या बाबतीत बी नव्हतं. आता विष्णुपुरीला कुलूप न्हाई. पण कुठं जायचं झालं की मीच आधी त्यांच्या तोंडाकडं बघते. सवय हाय.

त्या आठवड्यात मी सिंधूला म्हणाले, चल. तिनं विचारलं न्हाई कुठं. दोघींनी नांदेडहून बस धरली. लातूरला उतरले तवा मी ओळखलं न्हाई, नवा जिल्हा झाल्यावर लई वाढलंय, स्टँडवर माणूस मावत न्हाई. मुरुडची बस कुठं लागते ते मी एका पोलिसाला विचारलं. त्यानं नीट सांगितलं.

सिंधूनं लातूरच्या कॉलेजात नाव घातलंय. रोज बसनं जाते. मन्मथला तिनं स्वतः पत्र लिहिलं. काय लिहिलं ते मला सांगितलं, की शिक्षण झाल्याशिवाय मी काही ठरवणार न्हाई, आणि ठरवलं तर तुम्ही आधी इथं या, माझ्या आईशी बोला. त्याचं उत्तर मागच्या आठवड्यात आलं. ते तिनं ट्रंकेत ठेवलं. मी मागितलं न्हाई. तो पोरगा कसा निघंल, मला बी सांगता येत न्हाई. मन मला न्हाईच म्हणतं, पण माझं मन आता सगळ्यांनाच न्हाई म्हणतं.

इथं पाण्याचे लई हाल हायत. चौथ्या दिवशी टँकर येतो. वीरण्णाची बायको तोंडावर काही बोलत न्हाई, पण दोन माणसांचं पाणी वाढलं, ते तिला दिसतं. म्हणून भरायला मीच जाते. रांगेत बाया विचारतात, किती दिवसांसाठी आलात. मी सांगते, माहीत न्हाई.

रविवारी साहेब आले होते. वीरण्णाच्या दुकानात बसून राहिले, घरात आले न्हाईत. मग मीच गेले. वीरण्णा उठून गोदामात गेला. ते म्हणाले, "लोक विचारायला लागलेत. चल." मी म्हणाले, न्हाई. म्हणाले, "किती दिवस?" मी म्हणाले, ठरवलं न्हाई. मग म्हणाले, "मी तुला कधी मारलं? कधी उपाशी ठेवलं?" मी म्हणाले, न्हाई, तसं तुम्ही कधी केलं न्हाई. थंडीत मात्र एकदा मेले असते. त्यांना ते माहीतच नव्हतं. पेटीतलं नाणं सरायचं, हे दोन वर्षांत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते घरी यायचे तवा दिवा लागलेला असायचा. कुणी लावला, त्यांनी विचारलं न्हाई.

मी त्यांना मिसेस हॉलचं सांगितलं. तेवढंच सांगितलं.

त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. मग बसची वेळ झाली म्हणून उठले. मी स्टँडपर्यंत गेले त्यांच्याबरोबर. बसमधी बसल्यावर खिडकीतनं म्हणाले, "जप."

संध्याकाळी सिंधू मैत्रिणीकडून आली. बाबा येऊन गेले हे तिला वीरण्णानं सांगितलं होतं. तिनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणाले, चल म्हणाले. "आणि?" मी म्हणाले, आणि काही न्हाई. तिनं विचारलं, "रडले का?"

मी न्हाई म्हणाले. रडले होते, दानू, दुकानातल्या पोत्यांकडं तोंड करून. पण ते तिला त्यांनीच सांगावं. येऊ दे पुन्हा, घरात येऊ दे, तिच्यासमोर बसू दे. मी सांगणार न्हाई.

तुझी,
शिवगंगाअक्का